संशयितांची यादी

आमच्या घरच्या संगणकाचे वायफाय बंद पडत नसे. बंद पडले असते तर दुरुस्त तरी करता आले असते. ते अधूनमधून जाई, आणि शक्यतो विजेचे बिल भरताना, ओटीपी येऊन पोचल्यावर जाई. संगणकाच्या पाठीमागे खोचलेल्या, वायफाय पकडणाऱ्या अंगठ्याएवढ्या डोंगलवरचा दिवा लुकलुकत असे, पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिमाखात उभ्या असत, आणि पानाच्या जागी ते चक्र तेवढे फिरत राही. त्याच खोलीत, त्याच वेळी, सौभाग्यवतींच्या मोबाईलवर पुरणपोळीचा व्हिडिओ न अडखळता चालू असे, आणि ही गोष्ट त्या मला आवर्जून दाखवीत.

पहिला संशय अर्थातच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर गेला. ग्राहक सेवेतील मुलाने अतिशय अदबीने राऊटर बंद करून ३० सेकंदांनी चालू करण्यास सांगितले, आणि पुढचे तीन आठवडे मी हे व्रत सकाळ-संध्याकाळ पाळले. मग एक तंत्रज्ञ आला, राऊटरला खेटून उभा राहिला, स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी पाहून ‘काका, इथे तर फुल्ल येतंय,’ म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

शेवटी भाच्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी संगणकाला हुकूम देण्याच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ (समोरचे यंत्र ओ देते का, ते पाहण्याचा हुकूम) हा शब्द आणि त्यापुढे १९२.१६८.१.१ हा राऊटरचा पत्ता टाइप केला. राऊटर दोन-तीन मिलिसेकंदांत ओ देत होता, आणि मध्येच एकदम ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे वाट पाहून उत्तर नाही. याचा अर्थ माझा निरोप कंपनीपर्यंत जाणे दूरच, तो आमच्याच दिवाणखान्यापर्यंत पोचत नव्हता. चोर घरातला होता.

घरातला म्हटल्यावर मला हुरूप आला. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि आमचे वायफाय २.४ च्या पट्ट्यात, हे वाचल्याबरोबर मी आमटी गरम करण्यावर आठवडाभर बंदी घातली. जोडणी पूर्वीसारखीच तुटत राहिली. थंड आमटी मात्र माझ्याच पानात पडली. त्यानंतर मधल्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट लहरी अडवते म्हणून मी आणि वॉचमनने ते दोन हात सरकवले, आणि त्यामागून २०११ सालचा हरवलेला लाटण्याचा तुकडा निघाला. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली होती. मला एवढ्या वर्षांनी शेजारच्या खोलीत एक पीडीएफ पाठवता येऊ नये, याचे त्या रात्री फार वाईट वाटले. मग शेजारी. मोबाईलवरच्या एका ॲपने इमारतीतली सतरा नेटवर्के दाखवली आणि त्यातली बहुतेक ६ क्रमांकाच्या चॅनेलवर, म्हणजे त्या पट्ट्यातल्या एकाच गल्लीत, दाटीवाटीने बसलेली होती. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल १, ६ आणि ११, म्हणून मी ११ वर मुक्काम हलवला. वीज वाचवण्यासाठी डोंगल बंद करण्याची विंडोजला असलेली मुभाही काढून घेतली. थोडा फरक पडलासा वाटला. पण ती बहुधा केलेल्या कष्टांची भरपाई म्हणून मनाने करून घेतलेली समजूत होती.

उलगडा झाला तो मेव्हण्यामुळे. लग्नाचे फोटो हवेत म्हणून तो माझी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेऊन गेला आणि आठ दिवस जोडणी एकदाही तुटली नाही. नवव्या दिवशी डिस्क परत आली, मी ती संगणकामागच्या निळ्या खाचेत लावली, आणि तासाभरात ते चक्र पुन्हा फिरू लागले. निळी खाच यूएसबी ३.० ची. तिच्यातून माहिती सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंतच्या वेगाने धावते आणि त्या धावपळीचा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो; संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलनेच २०१२ साली यावर एक टिपण काढले होते. माझे डोंगल त्या खाचेला चिकटून बसलेले, म्हणजे ढोलताशा पथकाच्या मधोमध उभे राहून कुजबुज ऐकण्याची त्याच्यावर सक्ती. सौभाग्यवतींचा मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असल्याने त्याला या मिरवणुकीचा पत्ताच नव्हता.

यातली लाजिरवाणी बाब अशी, की जोडणी डळमळू लागली की काम वाया जाऊ नये म्हणून मी तातडीने त्याच डिस्कवर सगळ्याची प्रत घेत असे. माझ्या या दूरदृष्टीचे मी चारचौघांत कौतुकही करून घेतले होते. मायक्रोवेव्हची मी अद्याप माफी मागितलेली नाही. ती कोणाकडे मागायची, हे सौभाग्यवतींनी सुचवून झाले आहे.

आता डोंगल दीड मीटरच्या यूएसबी वायरच्या टोकाला, डिस्कपासून दूर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खिळ्याला लटकते. दर महिन्याच्या १ तारखेला पान उलटताना ते खाली पडते आणि जोडणी जाते. तेवढ्या वेळी मात्र मी कोणालाही फोन करीत नाही.