झाराच्या व्हिसाचं काय?

तुमच्या लेखात 'वीर-झारा' (२००४) या चित्रपटातल्या कोर्टाच्या प्रसंगाचं, जिथे वीरची खरी ओळख सिद्ध होते, तोंडभरून कौतुक केलंय. मदनमोहनच्या चाली, शेवटी डोळे पाणावणं, सगळं मान्य. पण कायद्याच्या अंगाने बघायला गेलं की ठिगळंच ठिगळं!

वीर भारतीय हवाई दलातला माणूस. पाकिस्तानात त्याला 'राजेश राठोड' नावाचा हेर ठरवून २२ वर्षं डांबतात. अहो, हवाई दलाकडे त्याचे फोटो, बोटांचे ठसे, अख्खी सर्व्हिस फाइल असणार की. त्याच्या वकीलबाईंनी (राणी मुखर्जी) भारतीय उच्चायुक्तालयामार्फत ती मागवली असती तर ओळखीचा प्रश्न तिथेच मिटला असता. त्याऐवजी बाई थेट वीरच्या गावी. आणि तिथे कोण सापडतं? झारा, त्याची पाकिस्तानी प्रेयसी! ही तर आणखी कमाल. पाकिस्तानी नागरिकाला तेव्हा व्हिसा मिळायचा तो ठरावीक ठिकाणांपुरता, वर पोलिसांत नोंद करावी लागायची. ही पंजाबातल्या खेड्यात वर्षानुवर्षं शाळा सांभाळते आणि ठाण्यातून कोणी 'बाई, कागद दाखवा' म्हणत नाही?

शिवाय वीर ज्या बसने लाहोरहून भारतात परतणार होता, ती कड्यावरून कोसळलेली बस. लाहोर ते वाघा जेमतेम २५ किलोमीटर, सगळा सपाट मुलूख. कडा काय यश चोप्रांनी स्वित्झर्लंडहून आणला?

राणी मुखर्जी मात्र झकास.