‘अमेरिकेतला शेतकरी डोक्याने पिकवतो’ : कापसाच्या मेसेजला उत्तर

पऱ्हाटी (कापसाचं झाड) फुटायला लागली की व्हॉट्सॲपवर हा मेसेज हमखास फिरतो : ‘अमेरिकेतला शेतकरी एकरी आपल्या दुप्पट रुई काढतो, कारण तो डोक्याने शेती करतो. विदर्भातला नुसता राबतो. म्हणून तो श्रीमंत आणि हा गरीब.’

दुप्पट खरं आहे. पण तिकडे उतारा (एकरी उत्पन्न) काढताना पेरलेलं नव्हे, वेचलेलं क्षेत्र धरतात. 2022 मध्ये टेक्सासात दुष्काळाने पेरलेल्यातला निम्म्याहून जास्त कापूस सोडून द्यावा लागला. ते कोरडवाहू एकर हिशेबातून गळाले आणि देशाचा उतारा उलट चांगला दिसला. बुडालेल्यांना सरकारी अनुदानावर चालणारा पीकविमा होता. यवतमाळातलं हलकं, कोरडवाहू वावर मात्र बोंडं गळाली तरी सरासरीतून सुटत नाही.

आता डोक्याचं. तिकडे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण दाट लावतात. आपल्याकडे 90 बाय 60 सेंटिमीटरवर एकरी साधारण 7,500 झाडं बसतात, 90 बाय 15 वर 30,000. हे गणित इथे कोणाला येत नाही असं नाही. अडतं ते बियाण्यावर. बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेले) वाण आपल्याकडे बहुतेक संकरित. घरची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी पाकीट (2025 मध्ये 475 ग्रॅमला 901 रुपये), आणि दाट लावायचं तर पाकिटंही त्या पटीत. वर भारी जमिनीत झाड माजतं. वाढरोधक फवारलं नाही तर आत हवा खेळत नाही, बोंडं सडतात.

गुलाबी बोंडअळी संपल्याचं अमेरिकेने 2018 मध्ये जाहीर केलं. ते सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षं चालवलेल्या मोहिमेचं फळ : बीटी कापूस आणि जोडीला विमानातून सोडलेले वंध्य पतंग. इथे कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 दिवस रोज 8 पतंग आले की फवारायचं, हे माहीत असलेला माणूसही धुऱ्यापलीकडच्या फरदडीपुढे (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या, अळीला आसरा देणाऱ्या कापसापुढे) हतबल असतो. आणि फरदड ठेवणाराही मूर्ख नसतो, त्याला हिवाळ्यात चार पैसे हवे असतात.

‘नुसता राबतो’ लिहिणाऱ्याने वेचणी पाहिलेली नसावी. दव उडाल्यावरच वेचायचं. पूर्ण उमललेलंच बोंड घ्यायचं, पाला चिकटू द्यायचा नाही, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी टाकायची. ओला कापूस गंजीत तापून पिवळा पडतो. सरकी दाताखाली कटकन फुटली तर वाळला, दबली तर नाही. सीसीआयच्या (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांवरच्या दर टक्का ओलाव्याला भाव कापतात, 12 च्या पुढे घेतच नाहीत. एवढं सांभाळणाऱ्या बाईची मजुरी ठरते किलोवर. स्वच्छ वेचलं की वेळ जातो, वजन कमी भरतं. म्हणजे कसबाचा फायदा जिनिंगवाल्याला (सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्याला) आणि तोटा वेचणारीला.

राहिला भाव. तो हुशारीवर ठरतो म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं : कापूस-अनुदानांच्या खटल्यात जागतिक व्यापार संघटनेत हरल्यावरही अमेरिकेने 2014 मध्ये ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन भांडण मिटवलं. आणि आपल्या सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ केलं. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा घरी येतो, तो नेमका याच महिन्यांत.