ठसक्याचं उत्तर माशांकडे आहे

आमच्या कोकणातल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणे उत्क्रांती खरी असती तर एवढ्या काळात शरीरातले दोष गळून पडले असते; अर्धवट अवयव कुणाच्याच कामाचा नसतो; आणि अवयवांचं आपसात इतकं जमतं, म्हणजे ते एकदमच घडले असणार.

आधी दोष. नैसर्गिक निवडीला सर्वोत्तमाशी देणंघेणं नाही, इतरांपेक्षा बरं चाललं की पुरे. होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून फळ्या बदलता येतात. जिवंत शरीराला अशी सुट्टी नाही. आपलं फुप्फुस माशांसारख्या पूर्वजांच्या अन्नमार्गाला खालच्या अंगाला फुटलेल्या पिशवीतून आलं. नाक मात्र वरच राहिलं. म्हणून श्वासाची आणि घासाची वाट घशात एकमेकींना छेदते, आणि जेवताना हसलं की ठसका लागतो. दापोलीच्या समुद्रात दिसणाऱ्या डॉल्फिनचं स्वरयंत्र चोचीसारखं थेट नाकाच्या मार्गात घुसतं, घास बाजूने जातो. त्याची किंमत म्हणजे तोंडाने श्वास घ्यायची सोय सहसा नाही.

स्वरयंत्राची डावी नस, म्हणजे मज्जातंतू, तर गंमतच आहे. मेंदूकडून येते ती घशाशी न थांबता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर चढते. माशात अशी नस सरळ कल्ल्याकडे जाते. पुढे मान लांबली, हृदय खाली गेलं, नस धमनीखाली अडकली ती अडकलीच. छातीतल्या गाठीने कधी कधी आवाज बसतो, त्याचं कारण हा वळसा. उत्क्रांतीला दोष खपत नाहीत म्हणणाऱ्यांनी या वळशाचं दुसरं कारण द्यावं.

अर्धवट अवयवाचं उत्तर मासळीबाजारात मिळतं. घोळ माशाच्या ज्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, एवढा भाव येतो, तो आणि आपलं फुप्फुस एकाच जुन्या पिशवीचे वारस. डार्विनला १८५९ मध्ये वाटलं होतं, बोतातून फुप्फुस झालं. आज क्रम उलटा मानतात. कसंही असो, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात थोडी हवा धरणारी साधी पिशवीसुद्धा जीव वाचवते.

राहिला ताळमेळ. गर्भात ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी स्वतःच रक्तवाहिन्यांना वाढायचा इशारा देतात, त्यामुळे एक अवयव बदलला तरी बाकीचे जुळवून घेतात. पण कामचलाऊपणे. म्हाकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, डोळ्यात आपल्यासारखा अंधबिंदू, म्हणजे काहीच न दिसणारा ठिपका, नाही, नसा पडद्यामागून निघतात. पण त्याच म्हाकुलाचा मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा असतो आणि गिळलेला प्रत्येक घास मेंदूच्या मधून जातो. एकदमच जुळवून केलेली ही मांडणी असेल, तर कारागिराला जेवायची सवय नसावी.