स. न. वि. वि. आणि पुढे कोरं

डोंबिवलीत स्थायिक झालेल्या माझ्या मित्राने निवृत्त होताच फर्मान काढलं, "व्हॉट्सॅपवर फुलांची सुप्रभात धाडू नकोस. सणसणीत पत्र लिही." स्वतः कधी लिहिणार, ते मोघमच.

५० पैशांचं कार्ड परवडतं, पण आमच्या गुहागराकडे कार्ड म्हणजे जाहीर सभा. म्हणून अडीच रुपयांचं अंतर्देशीय आणलं. दिवस आषाढाचे. सकाळी लिहायला घ्यावं तर ते रातोरात आपणहून चिकटून बसलेलं, तेही कोरंच! कोकणातल्या पावसाळ्यात डिंकाला थुंकी लागत नाही, हवा पुरते. आईने दुसरं तांदळाच्या डब्यात घालून ठेवायला लावलं. ते मात्र सुकं राहिलं.

'श्री' काढला. स. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे. इथवर पेन आपोआप चालतं. पुढे? फोनवर आम्ही "काय मग?" "चाललंय!" यावर अर्धा तास काढतो, तेच कागदावर उतरवलं तर माणूस भ्रमिष्ट वाटतो.

मी थांबलोय हे पडवीत कळलं.

"त्याला लिही, यंदा आंबा मेला निम्मासुद्धा नाही लागला."

"त्याच्या आईची कंबर कशी आहे विचार."

"गणपतीला येताना माझ्यासाठी बॅटरी आण म्हणावं. चांगली. गेल्या खेपेसारखी नको." हा शेजारी. पागोळ्या चुकवत खास तेवढ्यासाठी आलेला.

कागद भरला. त्यात माझं म्हणून काय, तर सही. तेवढ्यात आई वाटीत आमसुलं घेऊन हजर. अंतर्देशीयात काही घालायचं नसतं, तसं त्यावर छापलेलंच असतं. "चार आमसुलं म्हणजे काय सामान झालं?" हा तिचा सवाल पोस्टखात्याने खरंच विचारात घ्यावा.

राहता राहिला पत्ता. आईच्या मते नुसतं नाव नि डोंबिवली पुरे, "त्याला कोण ओळखत नाही?" पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, पण तिने तो अजून मनावर घेतलेला नाही. सहा आकडे विचारायला मित्राला फोन लावला. "इकडे दे," म्हणत आईने तो काढून घेतला आणि आंबा, कंबर, बॅटरी, आमसुलं असं सगळं पत्र स्वल्पविरामासकट त्याला ऐकवलं. वर, "पत्राचं उत्तर लगेच धाड हो!" असं बजावून फोन ठेवून दिला.

पिनकोड राहिलाच.