बोर्डाचा प्रश्न नंतरचा

मुलगी चौथीत आहे. पुस्तकं सातवीची वाचते, तोंडी गणितं झटपट सोडवते. पण वहीत एक उत्तर चुकलं की पान फाडते आणि सोमवार उजाडला की तिचं पोट दुखतं. हुशार असूनही मदतीची गरज असलेल्या अशा मुलीसाठी शाळा शोधायची म्हटलं की पुण्या-मुंबईत वाद रंगतो तो बोर्डावरून: एसएससी, आयसीएसई की आयबी? इथे न्यू जर्सीत आपली मंडळी वरच्या रेटिंगच्या शाळेच्या हद्दीत घर घेतात. चूक दोन्हीकडे एकच. रेटिंग बरंचसं परीक्षेच्या गुणांवर ठरतं, आणि गुण तर या मुलीला मिळतातच.

इथलं उचलण्यासारखं काही असेल तर तो लेखी अर्ज. मुलाला खास मदतीची गरज आहे का, याच्या तपासणीची लेखी विनंती सरकारी शाळेला पोचली की शाळेच्या सुट्ट्या वगळून (उन्हाळ्याची मात्र धरून) २० दिवसांत बैठक घ्यावी लागते. तपासणी करायचं ठरून पालकांनी संमती दिली की ९० दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि पात्र ठरल्यास आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता शिक्षण-आराखडा, लागू व्हायला हवा. बाईंशी नुसतं तोंडी बोललात तर ही मुदत सुरूच होत नाही. ‘मार्क चांगले आहेत, मग गरज काय?’ हे इथेही ऐकावं लागतं. पण मूल पास होतंय एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येत नाही, असं अमेरिकेचा केंद्रीय नियमच सांगतो. स्वतःहून खासगी शाळा निवडली तर मात्र मदतीचा हा वैयक्तिक हक्क उरत नाही. फी जास्त म्हणजे काळजीही जास्त, असं धरून चालणाऱ्यांच्या हे फार उशिरा लक्षात येतं.

आराखड्यात ‘शांत राहील’ असं उद्दिष्ट लिहून आलं तर सही करू नका. ते मोजणार कसं? ‘राग आल्यावर ठरलेल्या जागी स्वतःहून जाईल, पाचपैकी चार वेळा’ असं हवं. आणि वागणूक सुधारेपर्यंत वरच्या पातळीचं गणित बंद, ही अट कधीही मान्य करू नये. कंटाळलेलं हुशार मूल जास्तच बिथरतं, मग त्याच वागण्याचा दाखला देऊन गणित आणखी लांबतं.

आपल्याकडे भारतात कायदाच नाही, असं नाही. मान्यताप्राप्त शाळांनीही मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं. ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट कलम ३१ च्या मोफत शिक्षणाला आहे, कलम १६ ला नाही. दोन्हींची गल्लत करून पालकांना परत पाठवलं जातं. उणीव आहे ती मुदतीची: अर्ज दिल्यावर शाळेने किती दिवसांत काय करायचं, हे त्या कलमात नाही. बोर्डावर जेवढं भांडतो तेवढं या मुदतीसाठी भांडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. सोबत दोन आठवड्यांची नोंद जोडा: किती वाजता बिनसलं, त्याआधी काय चाललं होतं, सावरायला किती मिनिटं लागली. बुद्धिमापन करून घेतलंत तर एकाच आकड्यावर समाधान मानू नका, प्रत्येक विभागाचे गुण मागा. भाषिक आकलन खूप वर आणि कामाचा वेग खूप खाली असेल, तर सरासरी ‘बरी’ येते आणि मुलीची हुशारी आणि अडचण दोन्ही त्यात झाकली जातात.

शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा. जिन्यात किती गोंगाट आहे, डबा खायला शांत कोपरा आहे का, ते बघा. मुख्याध्यापकांना नव्हे, वर्गशिक्षिकेला विचारा: मूल रडायला लागलं तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याजवळ कोण जातं? समुपदेशक आठवड्यातून एकदाच येत असतील, तर उरलेल्या दिवशी कोण? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर पुढे बोला. ‘आमच्याकडे असं होतच नाही’ म्हणाल्या, तर दुसरी शाळा बघा, मग बोर्ड कोणतंही असो.