नाही म्हणा, पण कळवा तरी!

आज मैत्रिणीचा फोन आला, रडत होती. ज्या कॉलेजात मुलाखत दिली तिथली नेमणूक होऊनही गेली, आणि तिला ते कळलं कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर नव्या मॅडमच्या स्वागताचा फोटो बघून. एक ईमेल टाकायला काय जातं हो यांचं?

मला माझी मुलाखत आठवली. उपनगरातलंच कॉलेज. बोलावलं सकाळी, नंबर लागला संध्याकाळी. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी, एपीआय (शिकवण्या-संशोधनाचे गुण), सगळं लावलेली फाइल, वर झेरॉक्सचे गठ्ठे. समितीने फाइलचं रबरबँडसुद्धा काढलं नाही. विचारलं काय, तर "लग्न झालंय? विरारहून रोज जमेल?" त्यानंतर आजतागायत हूं नाही की चूं नाही.

जागा एक आणि अर्ज ढीगभर, मान्य. पण म्हणून माणसाला ताटकळत ठेवायचं?

जर्नलकडून पेपर परत आला तेव्हाही लागलं होतं मला. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांवरचा पेपर. रिव्ह्यूअरने विचारलं होतं, तुमच्या सगळ्या मुलाखती अलीकडच्या, मग 1982च्या संपाआधीच्या कमाईला दुसरा आधार काय? चिडचिड झाली, मग कलिनाला विद्यापीठाच्या जेएनएल ग्रंथालयात जुने अहवाल काढून बसले. पेपर सुधारला. कारण त्या माणसाने तो वाचला होता! आणि इथे ते रबरबँड.

वर लोक सांगतात, धीर धर. कशाच्या जोरावर? सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे, तेही बिल निघेल तेव्हा, आणि मे महिन्यात शून्य. स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या कायम सहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. त्यांच्यावर राग नाही, तेही याच रांगेतून आलेत. पण नियम तरी स्थिर असावेत ना? यूजीसीने 2018च्या नियमांत विद्यापीठातल्या पदांसाठी पीएचडी सक्तीची केली, मग मुदत वाढवली, 2023मध्ये सक्तीच काढली. ऐन तिशीतली माणसं या तारखांवर घर, लग्न, मूल ठरवत असतात हो.

माझ्या यादीत निवड समितीवर बसणारे बरेच सर-मॅडम आहेत. हक्काने सांगते, उमेदवाराची फाइल उघडा आणि निकाल दोन ओळींत कळवा.

आणि सीएचबीवाल्यांनो, मुलाखतीची तयारी करायची असेल तर मला मेसेज करा. तुमचा प्रबंध वाचून प्रश्न काढून ठेवते.