पीजीबाउन्सर रिस्टार्ट करायच्या आधी कन्सोल उघडा

डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, दोघांनी पसंतीचा अंगठा जोडून. थोडक्यात असा: पोस्टग्रेस डेटाबेसपुढे पीजीबाउन्सर (अ‍ॅपची कनेक्शन्स आत घेऊन मागची थोडी कनेक्शन्स आलटून-पालटून देणारा मधला प्रोग्राम) लावला की सेशन आणि युजरची कटकट मिटली. पूल (मागच्या उघड्या कनेक्शन्सचा साठा) २० ठेवा, मागे २० च कनेक्शन जातील. कुणाचं सेशन आहे ते मागून कळत नाही, म्हणून अडकलं की बाउन्सर रिस्टार्ट करा, नाहीतर सरळ किल. माणूस नोकरी सोडून गेला तर पोस्टग्रेसमधला पासवर्ड बदला, पुरे. आणि बाउन्सरच्या कन्सोलचं (त्याला कमांड द्यायच्या जागेचं) अ‍ॅडमिन लॉगिन सगळ्या टीमला देऊन टाका.

आधी तो २० चा आकडा. डिफॉल्ट पूल साइज २० आहे, इथपर्यंत बरोबर. पण तो पूल अख्ख्या बाउन्सरचा नसतो, डेटाबेस आणि युजर या प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. तीन डेटाबेस आणि त्यांवर येणारे पाच युजर म्हटले की पंधरा पूल, म्हणजे ३०० पर्यंत मजल. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स मूळची १००. एकच डेटाबेस, एकच युजर असेल तर मेसेज खरा. पण असं घर मी तरी फारसं पाहिलं नाही. डेटाबेसमागे एकूण मर्यादा घालायला मॅक्स डीबी कनेक्शन्स ही वेगळी सेटिंग आहे, आणि ती मुळात शून्य, म्हणजे मोकाट असते.

‘कुणाचं सेशन ते कळत नाही’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यावरच रिस्टार्टचा सल्ला उभा आहे. पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू कनेक्शन्सच्या यादीत) बघितलं तर प्रत्येक कनेक्शनपुढे बाउन्सरचाच पत्ता दिसतो, हे खरं. लोक तिथेच हात टेकतात. पण माग पुढे काढता येतो. एक ट्रान्झॅक्शन अर्धवट उघडं आहे, टेबलावर लॉक धरून बसलंय, त्याचा पिड (प्रोसेस क्रमांक) समजा १८४२०. आता बाउन्सरच्या ६४३२ पोर्टवर, ‘पीजीबाउन्सर’ याच नावाच्या खोट्या डेटाबेसला पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटने) जोडा, हाच कन्सोल, आणि ‘शो सर्व्हर्स’ म्हणा. त्यात ‘रिमोट पिड’ असा रकाना आहे, तिथे १८४२० शोधा. त्याच ओळीतला ‘लिंक’ (जोडलेल्या क्लायंटची खूण) उचला. मग ‘शो क्लायंट्स’ म्हणा आणि ज्या ओळीत ‘पीटीआर’ला तीच किंमत आहे ती बघा. तिथे खऱ्या क्लायंटचा पत्ता, पोर्ट, युजर सगळं लिहिलेलं असतं. दोन कमांड, एक मिनिट.

कन्सोलला एसक्यूएल येत नाही हा त्रास आहे. सिलेक्ट नाही, व्हेअर नाही, जॉइन तर नाहीच. मी दोन्हींचं आउटपुट फाइलीत ओढतो आणि ग्रेप मारतो, म्हणजे हवी ती ओळ शोधतो. यावर एक जण म्हणाला, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (जिथे ट्रान्झॅक्शन संपलं की मागचं कनेक्शन दुसऱ्याला जातं) लिंक क्षणोक्षणी बदलते, मग उपयोग काय? जी बदलते तिचा शोध घ्यायचाच कशाला! जे सेशन अडकलंय त्याचं ट्रान्झॅक्शन संपलेलं नसतं, म्हणून त्याची लिंक सुटत नाही. आपला गुन्हेगार जागचा हलत नाही. मग पोस्टग्रेसमध्ये तेवढाच पिड पीजी टर्मिनेट बॅकएंडने बंद करा. बाकीच्या शेकडो क्लायंटना रिस्टार्टचा फटका कशाला?

आता किल. हे मी स्वतः करून बसलोय. रिपोर्टवाल्याचं एक सेशन मारायचं होतं, घाईत कन्सोलवर किल आणि डेटाबेसचं नाव टाकून मोकळा झालो. ही कमांड सेशन मारत नाही. त्या डेटाबेसची क्लायंट आणि सर्व्हर, दोन्हीकडची सगळी कनेक्शन्स तोडते. त्याहून वाईट पुढेच आहे: ‘रिझ्यूम’ म्हणेपर्यंत नवीन येणारे सगळे दारात उभे राहतात. अ‍ॅपवाले ओरडतायत, आणि मी पोस्टग्रेसवर बघतोय तर मशीन निवांत, लोड नाही, लॉक नाही. ‘शो पूल्स’मध्ये वेटिंगचा आकडा चढत होता. ‘शो डेटाबेसेस’मध्ये ‘पॉज्ड’खाली १ दिसला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. एकाच क्लायंटला हाकलायची ‘किल क्लायंट’ कमांड १.२४ मध्ये, म्हणजे २०२५ साली आली. त्याआधीची आवृत्ती असेल तर वरचा पिडचाच रस्ता.

सोडून गेलेल्या माणसाचा मुद्दा कामाच्या गर्दीत हमखास निसटतो. यूजरलिस्टची (युजर आणि पासवर्डची) फाइल वापरत असाल तर क्लायंटचा पासवर्ड बाउन्सर स्वतःच्या त्या फाइलवरून तपासतो, पोस्टग्रेसला विचारत नाही. पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड बदललात तरी जुना पासवर्ड बाउन्सरच्या दारात चालतोच, आणि मागे त्याच्या नावाची उघडी कनेक्शन्स पूलमध्ये पडून असतील तर त्यातलं एक हातात मिळतं. सर्व्हर लाइफटाइम (मागचं कनेक्शन किती वेळ ठेवायचं ते) डिफॉल्ट ३६०० सेकंद, तेव्हा अशी कनेक्शन्स बराच वेळ तग धरतात. ऑथ क्वेरी (पासवर्ड पोस्टग्रेसकडूनच विचारून घेणारी सेटिंग) असेल तर नव्या लॉगिनचा प्रश्न सुटतो, पण आधीच आत बसलेला आतच राहतो. म्हणून फाइलीतून नाव काढा, कन्सोलवर ‘रीलोड’ म्हणा, पोस्टग्रेसमध्ये रोलला (म्हणजे त्या युजरला) नोलॉगिन करा, लॉगिनचा हक्क काढा, आणि त्याच्या नावाचे उरलेले पिड बंद करा. नुसतं नोलॉगिन केल्याने चालू सेशन तुटत नाही.

राहिलं कन्सोलचं लॉगिन. टीमला बघायला लागतं, मान्य. त्यासाठी स्टॅट्स युजर्स अशी वेगळी यादी कॉन्फिगमध्ये आहेच: त्यांना शो कमांड चालतात, पॉज, किल, रीलोड, शटडाउन चालत नाहीत. अ‍ॅडमिन युजर्समध्ये आमच्याकडे आता दोनच नावं आहेत. किलच्या त्या रात्रीनंतर पहिले काही आठवडे त्यात माझं नव्हतं.